खिडकीची जागा

बावीस वर्षं मी लोकांना जागा दिली.
उठा, सरका, पोर मांडीवर घ्या,
मावशी, टोपली खाली, पाय आत.
सातारा–मेढा, सातारा–बामणोली,
पुसेगावच्या यात्रेला जादा गाडी.
माझीही एक होती, दाराजवळ,
पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘वाहक’.
तिच्यावर सातव्या महिन्यातल्या बायका बसल्या,
परीक्षेला निघालेली, ओकारी येणारी पोरं बसली,
एकदा एक शेळी.
मी उभी, दांडीला कंबर टेकवून.

फंडाचे पैसे आले. थोरला म्हणाला, स्कूटर घे.
सून म्हणाली, आधी दातांचं बघा.
मी दस्तगीर मिस्त्रींना बोलावलं
आणि शाहूपुरीतल्या माझ्या दोन खोल्यांची
पश्चिमेची खिडकी दाखवली.
हिच्याखाली बाक. भिंतीत बसवलेला.
न हलणारा.

त्यांनी ओळंबा सोडला, गुण्या लावला,
कानामागची पेन्सिल काढली, परत खोचली.
“भिंत गुण्यात न्हाई, ताई.
इकडनं तिकडं बोटभर पळतीया.”
पळू दे, म्हटलं, मला सवय आहे.
ते हसले नाहीत. आकडा लिहून घेतला.

उंचीसाठी मी स्टुलावर बसले,
टाचेपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत
टेप मीच धरली, त्यांनी लांबून वाचली. सोळा.
“समदीकडं अठरा असतंय.”
समदीकडं माझे पाय नाहीत.
“आन् माणसं किती बसनार?”
इथं मात्र मी अडले.
तिघांच्या बाकावर चौघं बसवायची जीभ माझी.
एक फुल, म्हटलं,
आणि जरा थांबून: एक हाफ.

चार दिवस घरभर भुसा.
चहात भुसा, देवाच्या दिव्यात भुसा,
माझ्या वेणीत सागाचा वास.
फळी आणि भिंत यांच्यात उरलेल्या फटीत
त्यांनी पाचरी ठोकल्या,
एक जाड, एक पातळ, एक तिकिटाएवढी.
“माप निमित्ताला. काम पाचरीवर उभं ऱ्हातंय.”

बाकाच्या पोटात खण, वर बिजागरीचं झाकण.
मी सगळ्यात आधी आत कातडी पिशवी ठेवली,
जिला अजून चिल्लरीचा आंबट वास येतो,
मग गोधड्या, मग नको असलेले डबे.
झाकण सोडलं, टक.
एक घंटा. म्हणजे थांबा.
मी उचलून पुन्हा दोनदा आपटलं.
मिस्त्री बघत राहिले.

पॉलिशचा शेवटचा हात मारून म्हणाले,
“दोन दिस बसू नगा.”
नाही बसत. दोन दिवसांचं काय एवढं.

पण संध्याकाळी साडेसहाला
यवतेश्वराच्या घाटात मुक्कामाची गाडी चढू लागली.
दुसऱ्या वळणाला दिसली, तिसऱ्याला गेली,
चौथ्याला पुन्हा, दोन पिवळे दिवे.
आणि आठवलं, स्टँडात गाडी लागायच्या आत
लोक कसे धावत यायचे,
खिडकीतून टाकायचे रुमाल, टोपी, वही, पायातली चप्पल,
आणि वर येऊन माझ्याशीच भांडायचे,
जागा धरलीय!
मी म्हणायचे, मग रुमालाचं तिकीट काढा.

मी पायात चपला सरकवल्या,
घराला वळसा घालून मागं गेले,
शेजारची शकू कपडे काढत होती, तिचं लक्ष नव्हतं,
आणि बाहेरून, गजांमधून,
टाकला.

सकाळी ओढला तर निघेना.
निघाला तेव्हा पॉलिशवर वीण उठलेली,
उभे-आडवे धागे, एका कोपऱ्यात
माझ्याच हातची दुमड.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी बघून कपाळाला हात लावला.
“घासून काढतो. अर्ध्या तासाचं काम हाय.”
राहू द्या, म्हटलं.
चहा टाकते. तोवर टेका जरा तुम्ही.
तिकडं नाही,
हाफवर.